इंजिनाची गाळणी : ऑइल फिल्टर कधी बदलावा?



'गाळणे' ही क्रिया शिकवताना मी वर्गात चहाची गाळणी घेऊन जाते. यंदा एका मुलाने विचारलं, "बाई, गाडीला पण गाळणी असते का?" असते! आणि तिचा धडा मी स्वतः उशिराच शिकले.

आमची कार जुनी. एका सर्व्हिसिंगला पैसे वाचवायचे म्हणून मी म्हटलं, "ऑइल बदला, फिल्टर पुढच्या वेळी बघू." मिस्त्री म्हणाले, "मॅडम, नवा चहा जुन्या चोथ्यातून गाळायचा का?" मी ऐकलं नाही. पुढच्या वेळी फिल्टर काढला, तर आत नुसता काळा चिकट गाळ! इंजिन वाचलं, पण काही शे रुपयांसाठी मी हजारोंचा खर्च ओढवून घेत होते.

फिल्टर काय करतो?
इंजिन चालताना धातूचे बारीक कण, धूळ आणि काजळी ऑइलमध्ये मिसळते. फिल्टरमधला घड्या घातलेला कागद ही घाण अडवतो. घड्यांमुळे लहान डब्यात मोठं क्षेत्रफळ मावतं. (गणिताच्या तासाला हे जरूर सांगा!)

तुंबला तर?
इंजिन कोरडं पडू नये म्हणून बायपास झडप उघडते आणि न गाळलेलंच ऑइल इंजिनात फिरतं. गाडी चालूच राहते, म्हणून आपल्याला काही कळत नाही. खरा धोका हाच. त्यामुळे बिघाडाची वाट न पाहता वेळापत्रक पाळायचं.

कधी बदलावा?
१. दर वेळी ऑइलबरोबरच. जुन्या फिल्टरमध्ये उरलेलं घाण ऑइल नव्यात मिसळतं.
२. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराने. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, यांतलं जे आधी होईल ते.
३. धुळीचे रस्ते, सतत ट्रॅफिक किंवा रोजचा दोन-तीन किमीचाच प्रवास असेल तर त्याआधी.

नवा फिल्टर बसवताना जुनं रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे मिस्त्रींना बघायला सांगा. नाहीतर ऑइल गळतं. आणि ऑइलचा लाल दिवा चालताना लागला, तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

वर्गात करून पाहा
ग्लासावर रुमाल बांधा. एकसारखं गढूळ पाणी मोजून पाच वेळा गाळा, रुमाल मात्र धुवू नका. दर वेळी लागलेले सेकंद मुलांना फळ्यावर लिहू द्या. आकडे वाढत जातात आणि 'फिल्टर का बदलायचा' याचं उत्तर मुलं आपणहून देतात.

पालकहो, आज एवढंच करा : शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल काढा. त्यात ऑइलच्या खाली 'फिल्टर' लिहिलंय का, मुलांनाच शोधायला सांगा.