सान रेमोचा गीतमहोत्सव : निवडलेली गीते आणि नाकारलेली गीते

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, सान रेमो हे एक लहान नगर आहे. सौम्य हवा, फुलांची शेती आणि कसिनो, म्हणजे जुगारगृह, यांसाठी ते फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरलेली वर्दळ हिवाळ्यातही वाढावी, या व्यावहारिक हेतूतून येथे एका गीतस्पर्धेची कल्पना पुढे आली. कसिनोचे चालक आणि ‘राई’ ही राष्ट्रीय नभोवाणी संस्था यांच्या सहकार्याने २९ ते ३१ जानेवारी १९५१ या तीन दिवसांत पहिला महोत्सव पार पडला.

त्याचे स्वरूप अगदी साधे होते. कसिनोच्या दालनात मेजांभोवती बसून प्रेक्षक भोजन करीत होते. चिनिको आंजेलीनी यांचा वाद्यवृंद साथीला होता. एकूण वीस गीते सादर झाली. परंतु ती गाणारे होते निल्ला पित्सी, आकिल्ले तोल्यानी आणि फासानो या जुळ्या बहिणी एवढेच. ‘ग्रात्सिए देई फ्योरी’ म्हणजे ‘फुलांबद्दल आभार’ हे पित्सी यांनी गायिलेले गीत पहिले आले. पुढच्या वर्षी तर पहिल्या तिन्ही क्रमांकांची गीते त्यांनीच गायिली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही स्पर्धा गायकांची नव्हती, गीतांची होती. नव्या रचनेचे मोल ठरवावयाचे, तर गळ्याची मोहिनी तिच्यापासून वेगळी कशी करावयाची? या प्रश्नाचे उत्तर १९५३ मध्ये शोधण्यात आले : प्रत्येक गीत दोन निरनिराळ्या गायकांनी आपापल्या पद्धतीने सादर करावे. एका वर्षाचा अपवाद वगळता ही प्रथा १९७१ पर्यंत चालली. एकच चाल दोन कंठांतून ऐकल्यावर श्रोत्याला तिचे खरे बळ आणि उणीव दोन्ही कळत असत.

१९५५ पासून हा सोहळा दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि तीन वर्षांनी तिचे सामर्थ्य प्रत्ययास आले. तोपर्यंत गायक छातीवर हात ठेवून, एका जागी उभे राहून गात. १९५८ मध्ये दक्षिण इटलीतून आलेल्या दोमेनिको मोदुन्यो यांनी गाताना दोन्ही बाहू पसरले. फ्रांको मिल्याच्ची यांच्यासह त्यांनी रचलेले ‘नेल ब्लू दिपिंतो दि ब्लू’ हे गीत जॉनी दोरेल्ली यांनीही गायिले होते. ते पहिले आले आणि ‘व्होलारे’ या नावाने जगभर पोहोचले. १९५९ मध्ये अमेरिकेत ग्रॅमी पारितोषिके प्रथमच देण्यात आली, तेव्हा वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत आणि सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका हे दोन्ही मान त्याला लाभले.

हा इटलीच्या आर्थिक भरभराटीचा काळ होय. दक्षिणेतील व खेड्यांतील लक्षावधी माणसे मिलान व तुरीन येथील कारखान्यांकडे लोटत होती. शेते ओस पडत होती आणि शहरांच्या कडेची कुरणे इमारतींखाली जात होती. या स्थित्यंतराचा सूर सान रेमोला मात्र सहजासहजी मानवला नाही. १९६६ मध्ये आद्रियानो चेलेन्तानो यांनी आपल्या बालपणीच्या मिलानमधील ग्लुक मार्गावर बेतलेले गीत सादर केले. गवत नाहीसे होऊन तेथे घरेच घरे उभी राहिल्याची खंत त्यात होती. पंचांनी ते पहिल्याच फेरीत गाळले. लोकांनी मात्र ते उचलून धरले आणि आजही ते इटलीत सर्वपरिचित आहे.

पुढच्या वर्षी नकाराचे पर्यवसान शोकांतिकेत झाले. लुईजी तेन्को हे अठ्ठावीस वर्षांचे कवी-गायक ‘चाओ आमोरे चाओ’ हे गीत घेऊन आले होते. गाव व शेती सोडून अनोळखी जगात निघालेल्या तरुणाचे ते मनोगत होते. दुसऱ्या बाजूने ते दालिदा यांनी गायिले. तरीही ते अंतिम फेरीत पोहोचले नाही. त्याच रात्री, २७ जानेवारी १९६७ रोजी, तेन्को आपल्या हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत आढळले. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी श्रोत्यांच्या व निवड समितीच्या अभिरुचीचा निषेध केला होता. महोत्सव मात्र ठरल्याप्रमाणे पार पडला. एका माणसाच्या मृत्यूचे कारण केवळ एका निकालात शोधणे योग्य नव्हे. परंतु गीताकडून करमणुकीपलीकडे काही मागावे की नाही, हा प्रश्न त्यानंतर इटलीला टाळता आला नाही.

त्या प्रश्नाचे एक उत्तर सान रेमोनेच दिले. १९४५ मध्येच येथे गीतमहोत्सवाची सूचना करणारे फुलांचे व्यापारी आमिल्कारे राम्बाल्दी यांनी १९७२ मध्ये तेन्को यांच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. १९७४ पासून स्वतःची गीते स्वतः रचून गाणाऱ्यांचा गौरव हे मंडळ त्याच नगरात करू लागले. मूळ महोत्सव १९७७ मध्ये कसिनोतून आरिस्तोन नाट्यगृहात गेला आणि त्याची लोकप्रियता टिकून राहिली. पंच क्रमांक देतात, तो त्या रात्रीपुरता असतो. त्यानंतर गीताचा न्याय ते गुणगुणणारी माणसे करतात, आणि त्यांचा निकाल लागावयास कित्येकदा अनेक वर्षे जावी लागतात.