निकालाआधीची बोलणी

आपल्या घरांतून एखादे स्थळ पाहावयाचे झाले, तर समोरच्यांचे घर, जमीन, स्वभाव आणि नातीगोती यांची चार गावांत फिरून खातरजमा केली जाते. परंतु ज्या उद्योगात मुलाने वा मुलीने उभे आयुष्य वेचावयाचे, त्याचा निर्णय मात्र दहावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशअर्जाची मुदत संपेपर्यंतच्या धांदलीत, गुणांच्या आकड्यावर एक नजर टाकून उरकला जातो, ही गोष्ट मला या वयातही अस्वस्थ करते.

मी स्वतः अशा निर्णयाचे फळ भोगलेले आहे. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ जिल्ह्यात आणखी कारखाने निघाले, 1968 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ राहुरीस आले, आणि एका पिढीच्या आत नगर जिल्ह्यात पूर्वी कोणी न ऐकलेले नाना व्यवसाय रुजू लागले. तथापि आमच्या ओसरीवर डॉक्टर, इंजिनियर आणि तेही न जमल्यास मास्तर, यांपलीकडे चौथे नाव निघत नसे. माझ्या मॅट्रिकनंतर वडील, थोरले चुलते आणि मामा बसले, मी तांब्याभांडे घेऊन दाराशी उभा होतो, आणि मला एका शब्दाने न विचारता मी डॉक्टर व्हावयाचे असे ठरले. वास्तविक माझे सारे चित्त त्या काळी विहिरीवरच्या ऑइल इंजिनात गुंतलेले असे. गावचा मिस्त्री नोझल काढून रॉकेलमध्ये धुई, पुन्हा पाइपास जोडून पंप हाताने दाबी आणि तेलाचा फवारा धुक्यासारखा उडतो की त्याची धार पडते ते निरखून पाही. ते पाहता पाहता मला जेवणाचे भान राहत नसे. घरातील सर्वांना हे ठाऊक होते, पण तो पोराचा नाद, त्याचा पोटापाण्याशी संबंध काय, अशी समजूत. वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही, बी.एस्सी. अर्धवट सुटली, आणि पुष्कळ वर्षे वाया गेल्यावर मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकच्या वर्गात दाखल झालो, तेव्हा शेजारी बसलेली मुले माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती.

वडिलांचा हेतू वाईट नव्हता. माझी एक बहीण लहानपणी तापाने गेली, गावात वैद्यकीय मदत नव्हती, आणि ते शल्य त्यांच्या हुकुमाच्या मुळाशी होते. परंतु हे त्यांनी मला सांगितले ते मी नोकरीत रुजू झाल्यानंतर. म्हणून प्रत्येक आईबापास माझी पहिली विनंती ही की, आपली अपुरी राहिलेली इच्छा असेल तर ती मुलाला तशीच, आपली इच्छा म्हणून, उघड सांगावी. तिला मुलाच्या हिताचे नाव देऊ नये.

दुसरे असे की, ही बोलणी आठवी-नववीतच, दिवाळीच्या सुटीत नातलग जमतात तेव्हा सुरू करावी, आणि पदवीपासून नव्हे तर कामापासून सुरू करावी. कुटुंबात कोणी कारखान्यात केमिस्ट असतो, कोणी परिचारिका, कोणी तलाठी, कोणी ट्रक चालवितो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करता, पगार किती, जीव कशाने नकोसा होतो आणि समाधान कशात वाटते, हे त्यांस मुलांनी विचारावे आणि मोठ्यांनी खरे सांगावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता देशी बियाण्यांचे जतन केले आणि 2020 मध्ये त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या ज्ञानाचा उगमही घरातील वडीलधाऱ्यांशी झालेल्या बोलण्यात आणि शेतातील हातच्या कामात आहे. शासनाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, तो उपक्रम स्तुत्यच होता. पण चाचणीच्या निकालाचा कागद घरी आल्यावर त्यावर तासभर बोलणारे माणूस पाहिजे होते.

आमच्या पुतणीची मुलगी संगमनेरकडे राहते. घरात सर्वांनी 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा घोष धरला होता, आणि त्या परीक्षेस 2024 मध्ये देशभरातून 23 लाखांहून अधिक मुले बसली, एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाहून थोड्याच अधिक, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. मी तिला इतकेच विचारले, "बाळ, कोणी न सांगता तू कोणते काम करतेस?" ती बराच वेळ गप्प राहिली, मीही घाई केली नाही, मग म्हणाली, "आजोबा, दुधाच्या पावत्या मी ठेवते. आपली गाय तीच, वैरण तीच, तरी पावसाळ्यात फॅट का उतरते ते मला बघायचंय." दुग्ध तंत्रज्ञानाची पदवी उदगीरला आणि पुसदजवळ वरूडला मिळते, हे तिच्या घरात कोणास माहीत नव्हते. त्या पदवीस गणित लागते, वैद्यकास जीवशास्त्र. सबब अकरावीस तिने दोन्ही विषय घ्यावेत असे ठरले. तिच्या आईची डॉक्टरीची आशा अद्याप सुटलेली नाही, आणि मुलीसमोर तिने ती मोकळेपणाने बोलूनही दाखविली.

पैशाचे बोलणेही मुलांपासून लपवू नये. सोसायटीचे कर्ज किती, उसाचे बिल केव्हा येते, खासगी महाविद्यालयाची फी कोठून भरावयाची, हे सोळा वर्षांच्या मुलाला समजते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो, आणि आयटीआय केलेल्यास पदविकेचा मार्ग खुला असतो. हाती थोडके पैसे असणाऱ्या घरात या वाटांची माहिती निकालाच्या आधी वर्षभर पोहोचली, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी त्यांचा विचार करता येतो.