हायड्रॉलिक कपलर जोडण्यापूर्वी नळीतील दाब कसा सोडावा?

ट्रॅक्टरच्या मागे चालणारा पलटी नांगर किंवा उलटणारी ट्रॉली ही अवजारे आता आपल्या गावोगावी दिसू लागली आहेत. ही अवजारे तेलाच्या दाबावर काम करतात. ट्रॅक्टरमधील पंपाने दाबलेले तेल रबरी नळ्यांतून अवजाराच्या जॅकमध्ये जाते, जॅकमधील दट्ट्या पुढेमागे सरकतो आणि त्यायोगे नांगर पालटतो किंवा ट्रॉलीचा हौद उचलला जातो. नळ्या ट्रॅक्टरला चटकन जोडता व सोडता याव्यात म्हणून त्यांच्या टोकांना कपलर बसविलेले असतात. परंतु ऐन नांगरटीच्या दिवसांत हेच कपलर बसत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मग हातोडीचा प्रयोग होतो आणि त्यातून अवजाराचे, तेलाचे आणि प्रसंगी माणसाचेही नुकसान होते. ही अडचण का उद्भवते व ती बिनधोकपणे कशी दूर करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

कपलरची रचना

कपलरचे दोन भाग असतात. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस बसविलेला भाग मादी व अवजाराच्या नळीच्या टोकास असलेला भाग नर, असे ओळखले जातात. दोन्ही भागांत स्प्रिंगवर बसविलेली एकेक लहान झडप असते. भाग अलग असताना स्प्रिंग झडपेला तिच्या बैठकीवर दाबून धरते व तेल बाहेर येत नाही. भाग एकमेकांत बसविले की दोन्ही झडपांची टोके एकमेकांवर टेकतात, झडपा मागे सरकतात व तेलाचा मार्ग मोकळा होतो. शेतीच्या ट्रॅक्टरांवरील कपलरांसाठी आयएसओ ५६७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या मापांनुसार केलेले कपलर असतील, तर एका कारखान्याचे अवजार दुसऱ्या कारखान्याच्या ट्रॅक्टरला जोडता येते.

कपलर का बसत नाही?

नळीत दाब अडकलेला असेल, तर तेल झडपेला आतून रेटून धरते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो, हा नियम १७ व्या शतकात फ्रान्समधील ब्लेझ पास्कल या शास्त्रज्ञाने सांगितला. तोच येथे लागू पडतो. समजा, झडपेचा तेलाकडील भाग १ चौरस सेंटिमीटर आहे आणि नळीत १५० बार दाब अडकला आहे. अशा वेळी ती झडप मागे सारण्यास सुमारे १५० किलोग्रॅम वजनाइतका रेटा द्यावा लागेल. नुसत्या हाताने हे कोणासही साधणार नाही.

हा दाब किती मोठा असतो, याची कल्पना टायरमधील हवेवरून येईल. शेतात काम करताना ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये आपण सामान्यतः १२ ते १६ पौंड हवा ठेवतो. हायड्रॉलिक यंत्रणेतील दाब साधारणतः १५० ते २०० बारपर्यंत जातो. पौंडाच्या हिशेबाने २०० बार म्हणजे सुमारे २,९०० पौंड होत.

दाब अडकण्याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण, अवजार वर उचललेले किंवा जॅकवर भार असतानाच नळ्या सोडणे. अशा वेळी तो सारा भार नळीतील तेलावर राहतो.

दुसरे कारण, लिव्हर मध्यस्थितीत ठेवून, दाब न सोडता कपलर काढणे. अवजार जमिनीवर टेकलेले असले, तरी पंपाने दिलेला दाब नळीत तसाच कोंडून राहतो.

तिसरे कारण उन्हाचे. तेल तापले की फुगते. फुगण्यास मुळीच जागा नसलेल्या भांड्यात तेलाचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले, तर दाब सुमारे १० बारने वाढतो. रबरी नळी थोडी ताणली जात असल्यामुळे प्रत्यक्षात ही वाढ कमी होते. तरीसुद्धा कपलर अडण्यास ती पुरेशी असते. सकाळच्या गारव्यात सोडलेला नांगर वैशाखाच्या उन्हात बांधावर पडून राहिला की दुपारी त्याचा कपलर बसत नाही, याचे कारण हेच होय. विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे हा अनुभव विशेष येतो.

सोडतानाच घ्यावयाची काळजी

जोडतानाची अडचण बहुधा सोडतानाच्या घाईत जन्मास येते. म्हणून अवजार सोडताना पुढील क्रम पाळावा.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा. नांगर पूर्णपणे जमिनीवर टेकवावा व त्याचा आधारपाय खाली घ्यावा. ट्रॉली असल्यास ती रिकामी करून हौद पूर्ण खाली आणावा व चाकांना दगड लावावेत.

२. इंजिन बंद करावे. किल्ली काढून, जो माणूस कपलर हाताळणार असेल त्याने ती आपल्या खिशात ठेवावी.

३. नळ्यांचा लिव्हर दोन्ही बाजूंस चार-पाच वेळा पूर्णपणे फिरवावा. असे केल्याने नळ्यांतील दाब ट्रॅक्टरच्या तेलटाकीत उतरतो. एकाच नळीच्या ट्रॉलीसाठी लिव्हर हौद खाली आणण्याच्या स्थितीत काही क्षण धरून ठेवावा. काही ट्रॅक्टरांत लिव्हरला तरंगती स्थिती असते, तेथे लिव्हर त्या स्थितीत ठेवावा. ज्या ट्रॅक्टरांत ही यंत्रणा विजेवर चालते, त्यांच्याबाबत कंपनीच्या माहितीपुस्तकातील कृती पाळावी.

४. त्यानंतरच कपलर सोडावेत, स्वच्छ फडक्याने पुसावेत, त्यांवर टोपणे बसवावीत आणि नळ्या जमिनीवर न टाकता अवजारावर टांगून ठेवाव्यात. शक्य असेल तर अवजार सावलीत उभे करावे.

जोडताना कपलर अडल्यास

प्रथम ट्रॅक्टरकडील दाब काढावा. त्यासाठी इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंस फिरवावा आणि मग कपलर बसवून पाहावा. तरीही तो न बसल्यास दाब अवजाराच्या नळीत आहे, असे समजावे.

दाब उन्हामुळे वाढला असेल, तर घाई न करणे हाच उत्तम उपाय. नळी व जॅक यांवर ओले गोणपाट टाकून ती थंड होऊ द्यावीत, किंवा भल्या पहाटे अवजार जोडावे. तेल निवले की दाब आपोआप उतरतो.

इतका वेळ नसेल, तर कपलरच्या मागील आट्यांचा सांधा किंचित सैल करून दाब सोडता येतो. मात्र त्यापूर्वी अवजार पूर्णपणे जमिनीवर टेकलेले आहे व जॅकवर कोणताही भार नाही, याची खात्री करून घ्यावी. चष्मा व जाड हातमोजे घालावेत. सांध्याभोवती जाड फडके गुंडाळावे, तोंड बाजूस ठेवावे आणि पान्ह्याने सांधा अगदी सावकाश, पाव आट्याहूनही कमी फिरवावा. तेल झिरपू लागताच तेथेच थांबावे. झिरपणे थांबले की सांधा पुन्हा घट्ट करावा. खाली भांडे ठेवून तेल धरावे. ते मातीत सांडू देऊ नये. ज्यांना ही अडचण नेहमी येते त्यांनी दाब असतानाही जोडता येणारे कपलर बसवून घेण्याचा विचार करावा. ते महाग असतात, पण वारंवारचा खोळंबा त्यामुळे टळतो.

हातोडीने का ठोकू नये?

झडपेचे टोक दगडावर आपटणे किंवा त्यावर हातोडी मारणे हा उपाय अनेकजण करतात. त्याने दाब सुटतो खरा, पण झडपेचे टोक वाकते, बैठकीला चरे पडतात व कपलर कायमचा गळू लागतो. धातूचा कीस तेलात मिसळतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे व गिअरपेटीचे तेल एकच असते. त्यामुळे हा कीस व कपलरवरील धूळ पंपापर्यंत आणि गिअरांपर्यंत जाऊन पोहोचते. शिवाय झडप उघडताक्षणी तेलाची धार थेट हातावर किंवा डोळ्यावर उडू शकते.

जिवावरचे दोन प्रसंग

पहिला प्रसंग वर उचललेल्या ट्रॉलीचा होय. हौद वर असताना नळी सुटली, तर त्याचा सारा भार त्या लहानशा झडपेमागील तेलावर तोललेला असतो. अशा स्थितीत झडप दाबली किंवा सांधा सैल केला, तर हौद काही क्षणांत खाली कोसळतो. त्याखाली असलेल्या माणसास बाजूला होण्यास वेळ मिळत नाही. म्हणून अशा ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि हौदास भक्कम आधार दिल्यावाचून नळीला हात लावू नये. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावे. तेलावर तोललेला भार हा आधार दिलेला भार नव्हे, हे प्रत्येक चालकाने मनावर बिंबवून घ्यावे.

दुसरा प्रसंग तेलाच्या बारीक धारेचा. नळीच्या सुईएवढ्या छिद्रातून दाबाने सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते व सुरुवातीस फारशी दुखतही नाही. त्यामुळे माणूस हात धुऊन पुन्हा कामास लागतो. आत मात्र तेल पसरून मांस सडू लागते आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. तरी असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता, काही तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालील तेल अंगात शिरले आहे, असे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. जखम शेकू नये, चोळू नये. गळती शोधताना नळीवरून हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून त्यावर तेल उमटते का, हे पाहावे.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. कपलर जोडताना एकजण ट्रॅक्टरवर व दुसरा नांगराजवळ, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी असते. वरच्याने नकळत लिव्हर ओढला, तर खालच्याच्या हातावर बेतते. म्हणून जोडणी पूर्ण होऊन माणूस बाजूस होईपर्यंत इंजिन बंदच असावे. कोणती नळी कोणत्या कपलरची, हे कळण्यासाठी जोडीजोडीने एकाच रंगाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. त्यामुळे नांगर उलट दिशेने पालटण्याचा धोका टळतो.

हा सर्व क्रम पाळण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. दिवसभराचे काम आटोपून घरी परतण्याच्या घाईत तो वगळला जातो व दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून शेतकरी बंधूंनी स्वतः हा क्रम पाळावा आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्या मुलांना व गड्यांनाही तो प्रत्यक्ष करून दाखवावा. अवजार टेकवावे, इंजिन बंद करावे, लिव्हर फिरवावा आणि मगच नळीस हात लावावा.