दिल्ली : एकट्या प्रवाशाचा एक दिवस

प्रश्न : कामानिमित्त दिल्लीत जाणाऱ्या व्यक्तीला एकट्याने फिरण्यासाठी एकच दिवस मिळत असेल, तर काय पाहावे?

उत्तर : एका दिवसात सर्व दिल्ली पाहण्याचा हव्यास न धरता मेट्रोच्या व्हायोलेट, म्हणजे जांभळ्या, मार्गिकेवरील तीनच ठिकाणे निवडावीत, त्यामुळे गाडी बदलावी लागत नाही आणि रिक्षाभाड्याची घासाघीसही बहुतांशी टळते. सकाळी लाल किल्ला स्थानकावर उतरून शाहजहानने 1639 ते 1648 या काळात उभारलेला किल्ला पाहावा. तेथील दिवाण-ए-खास, म्हणजे बादशाहाच्या खासगी दरबाराची इमारत, मराठी वाचकाला विशेष महत्त्वाची आहे. कारण 1760 मध्ये दिल्ली ताब्यात आल्यावर मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी पैशाच्या चणचणीमुळे तिच्या छताची चांदी उतरवून त्या चांदीची नाणी पाडली. दुपारच्या उन्हात राष्ट्रीय संग्रहालय सोयीचे असून त्यासाठी केंद्रीय सचिवालय स्थानकावर उतरावे. तेथील हडप्पा दालनात मोहेंजोदडोची नर्तिकेची कांस्यमूर्ती आहे. उन्हे कलल्यावर जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्थानकावरून रिक्षाने हुमायूनच्या कबरीकडे जावे. चारबाग, म्हणजे पाट आणि वाटांनी चार भागांत विभागलेली बाग, आणि बाहेरून उंची देणारा, तर आतून छत प्रमाणात ठेवणारा दुहेरी घुमट ही तिची वैशिष्ट्ये पुढे ताजमहालात अधिक विकसित झाली.

लाल किल्ला आणि संग्रहालय सोमवारी बंद असल्याने तो वार टाळावा. मेट्रोचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो, ही बाब एकटीने फिरणाऱ्या स्त्रीला उपयोगी ठरते.