यकृताचे दुखणे, पायांची तक्रार

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यकृतावर लेख लिहावा, याचे विज्ञान शाखेच्या मित्रांना नवल वाटेल. पण या अवयवाशी आपल्या भाषेचे नाते जुने आहे. माया, धैर्य, दुःख हे सारे मराठी माणूस काळजात ठेवतो. काळीज म्हणजे हृदय असे आपण धरून चालतो. मात्र खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली की हाती पडते ते यकृतच. उजव्या बरगड्यांखालचा, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव बराच बिघडला तरी सहसा दुखत नाही. त्याची तक्रार कित्येकदा पायांनाच मांडावी लागते.

सोलापुरात सुजलेल्या पायांचे कोणालाच अप्रूप नाही. १८७७ साली जुनी गिरणी निघाली, तेव्हापासून या गावाने मागापुढे उभे राहून पोट भरले. गिरण्या गेल्या, पण चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग आहेत आणि तासन्‌तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायाही आहेत. त्यामुळे पाय सुजले की ‘उभं राहून सुजले’, ‘बसून सुजले’ असे कारण तयारच असते. पुष्कळदा ते खरेही असते. अशी सूज रात्री पाय उंच ठेवून झोपले की बहुधा उतरते.

माझे मामा यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्या घोट्यांवर सूज येऊ लागली तेव्हा तेल चोळणे, शेकणे आणि दुखले तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणणे, असे सहा-सात महिने गेले. मग सकाळीही सूज उतरेना, चप्पल पायात जाईना आणि पोट फुगू लागले. तपासणीत निघाला यकृताचा सिरोसिस. “मी तर कधी दारूला शिवलो नाही,” एवढेच मामा पुन्हा पुन्हा म्हणत. कारण होते हिपॅटायटिस-बीचा विषाणू. दारूखेरीज बी आणि सी हे विषाणू, तसेच मधुमेह व लठ्ठपणा यांमुळे यकृतात साचणारी चरबी हीदेखील सिरोसिसची कारणे आहेत, हे आमच्या घराला तेव्हा कळले.

यकृत बिघडले तर पाय का सुजावेत? रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृतात तयार होते आणि ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ते कमी पडले की पाणी बाहेर झिरपते. शिवाय कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहत नाही. आतड्यांकडून येणाऱ्या शिरेत दाब वाढतो, रक्ताभिसरणाचा तोल बिघडतो आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी साठवू लागतात. हे पाणी पोटात साचले तर त्याला जलोदर म्हणतात. उताराने खाली गेले तर घोटे सुजतात. ही सूज बहुधा दोन्ही पायांवर असते आणि नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरला तर तेथे खळगा राहतो.

पायांच्या आणखी काही खुणा आहेत. पित्ताचा मार्ग अडला तर पुरळ नसतानाही तळपाय-तळहातांना खाज सुटते, रात्री अधिक. सिरोसिसमध्ये पोटऱ्यांत गोळे येतात. रक्त गोठवणारे घटक कमी झाल्याने साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग उमटतात.

अर्थात प्रत्येक सूज यकृताची नव्हे. धाप लागत असेल तर हृदयाचा, सकाळी डोळ्यांभोवती सूज व लघवीला फेस असेल तर मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत गुठळी असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. निदान डॉक्टरांनीच करायचे. रक्त व लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी यांतून पुष्कळ उलगडा होतो. तोवर मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत; सिरोसिसच्या रोग्याची मूत्रपिंडे त्यांनी निकामी होऊ शकतात. लघवी वाढवणारी गोळीही सल्ल्याविना घेऊ नये.

मामांना मीठ कमी करावे लागले आणि औषधे कायमची लागली. विषाणू आटोक्यात आहे. आकसलेले यकृत मात्र पूर्ववत झालेले नाही. डॉक्टरांनी घरातील सर्वांची तपासणी करविली आणि ज्यांना लागण नव्हती त्यांना लस दिली. हा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. २०१८ साली त्याच दिवशी भारतात राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी व उपचार मोफत आहेत. बालकांच्या लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आली. म्हणजे आज या महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाला ती लहानपणी मिळाली असेलच असे नाही. आपण आपापले लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहावे.

आपल्यापैकी अनेकांच्या आया विड्या वळतात, वडील मागावर उभे असतात. रोजगार बुडेल म्हणून ती माणसे स्वतःहून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांच्या पायांवरची सूज सकाळीही दिसत असेल, तर एक दिवस तास बुडवून त्यांना सिव्हिलला घेऊन जावे आणि अहवालात काय आहे ते डॉक्टरांना विचारून त्यांना त्यांच्या बोलीत, मराठीत असो वा तेलुगूत, समजावून सांगावे. भाषा शिकणाऱ्या आपल्याला एवढे तर नक्कीच जमेल.