आखाडातला बोकड : पोट पाहू नका, पाठ चाचपा

आषाढ लागला की जळगाव-धुळ्याच्या आठवडे बाजारांत बोकडाला गिऱ्हाईक वाढतं. दीप अमावास्येनंतर श्रावण, म्हणजे मागणी थंड. त्या घाईत दारचं करडूही काढलं जातं.

नेमका याच दिवसांत डोळा फसतो. वैशाखाचं ऊन पाल्यापाचोळ्यावर काढलेलं जनावर पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडतं. आठवड्या-दोन आठवड्यांत पोट गरगरीत दिसायला लागतं, पण ते पाणी आणि चारा, मांस नव्हे. मालक खूश होतो. व्यापारी कंबरेवरून एकदा हात फिरवतो आणि भाव पाडतो.

तो हात आधी आपणच फिरवावा. जनावर सपाट जागी उभं करा आणि शेवटच्या बरगडीमागे, कण्यावर तळहात ठेवा. मणक्यांची टोकं करवतीसारखी टोचली, बाजूच्या आडव्या हाडांखाली बोटं सहज शिरली, तर बोकड कच्चा. टोकं दाबल्यावरच कळत असतील आणि कण्यालगतचा खळगा मांसाने भरला असेल, तर तयार. दाबूनही हाड सापडत नसेल तर उशीर झाला. भरड्याचे पैसे चरबीत गेले. शेळीची चरबी पाठीपेक्षा आधी पोटात साठते, म्हणून पुढच्या पायांमधलं छातीचं हाडही चाचपून पाहावं.

वजनाला कापसाचा टांगता काटा चालतो. सकाळी, चाऱ्याआधी, पोटाखालून गोणपाटाची झोळी घालून टांगा. काटा नसेल तर छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, अंगाच्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. घेर 26, लांबी 24 असेल तर साडेचोवीस किलोच्या आसपास. मांस हाडासकट जिवंत वजनाच्या 45 ते 50 टक्के पडतं. दर महिन्याला वजन लिहून ठेवा. खुराक तोच असून वाढ मंदावली की पोसण्यात फायदा उरत नाही.

दात वय सांगतात, मांस नाही. दोन दात साधारण 12 ते 15 महिन्यांत येतात. बकरी ईदसाठी बोकड वर्ष पूर्ण झालेला लागतो, त्या गिऱ्हाइकाला दात दाखवावेच लागतात. घरच्या ताटासाठी आदत, म्हणजे पक्के दात न आलेला, बोकडही उत्तम, अंगाने भरलेला असला म्हणजे झालं. खच्ची न केलेला मात्र माजावर आला की मांसाला उग्र वास येतो.

पावसाच्या तोंडी जंताचं औषध दिलेलं असतं, कधी प्रतिजैविकाचं इंजेक्शनही. त्यानंतर किती दिवस मांस खायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच तारीख ठरवा. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार तीन महिन्यांखालचं पिल्लू, गाभण शेळी आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली शेळी कापता येत नाही. कापण्याच्या आदल्या रात्री चारा बंद ठेवा, पाणी मात्र द्या.

पाठ अजून टोचत असेल तर आखाडाचा भाव सोडून द्या. जंत काढा, आंत्रविषाराची लस राहिली असेल तर टोचून घ्या, रोज मूठ-दोन मूठ मक्याचा भरडा सुरू करा. बाजरी-ज्वारी निघाल्यावर चाऱ्याची चणचण नसते. तोच बोकड दिवाळीनंतर विका.