तिसरी गोलकीपर

दहावीचं वर्ष संपल्यावर येणारी १५ जून ही तारीख अमेरिकेत सॉकर खेळणाऱ्या मुलांच्या घरी पाठ असते. कॉलेज-खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, कोचना त्या दिवसापासून मुलांशी थेट बोलायची मुभा मिळते. तोवर कितीही ईमेल आणि व्हिडिओ पाठवा, उत्तर म्हणून येते ती त्यांच्या कॅम्पची जाहिरात. आमच्या न्यू जर्सीच्या घरी त्या दिवशी लेकीचा फोन सकाळपासून चार्जरला लावलेला होता. लेक गोलकीपर. फोन आले, आणि त्यातला एक कोच फार गोड बोलला. पुढची चार वर्षं गोलपोस्ट तुझीच, असं म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगते. अकरावीत कॉलेज बघून आलो, लेक ‘कमिट’ झाली, इन्स्टाग्रामवरचं पोस्टर सांगलीला आजीच्या भिशीच्या ग्रुपपर्यंत पोचलं. बारावीच्या नोव्हेंबरात सही झाली आणि जानेवारीत कोचसाहेब मोठ्या कॉलेजात निघून गेले. त्या वेळी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट असायचं. ते कॉलेजशी केलेलं असायचं, कोचशी नाही, त्यामुळे तो सुटला आणि ही बांधलेलीच राहिली. (ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पत्र बंद झालं. आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते, पण तोही कॉलेजशीच.) नव्या कोचने ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दोन हंगाम खेळलेली कीपर आणली, आणि लेक तिसऱ्या नंबरावर गेली. त्याला तरी काय बोलणार? पहिल्या वर्षी निकाल दाखवला नाही तर त्याचीच नोकरी जायची.

तिसरी गोलकीपर असणं म्हणजे काय, ते गॅलरीतून कळत नाही. मॅचआधी ती पहिल्या कीपरला शॉट मारून देते, क्रॉस टाकते, पांगलेले चेंडू गोळा करते. मग बिब चढवून बेंचवर बसते. मॅच दुसऱ्या गावी असेल तर बसच्या यादीत तिचं नाव बहुतेक वेळा नसतंच. फॉरवर्ड दमतात, मिडफिल्डर दमतात, त्यांच्या जागी कुणीतरी उतरतं. कीपरला कोणी बदलत नाही. आमच्या लेकीची मॅचची जर्सी घडी मोडल्याशिवाय बॅगेत परत यायची.

म्हणून कोचचं बोलणं ऐकाच, पण त्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवरचं रोस्टर वाचा. एका वर्षाचं नाही, मागच्या तीन-चार वर्षांची रोस्टर शेजारी शेजारी ठेवून. आपल्या मुलाच्या जागेवर किती जण आहेत, कोण कुठल्या वर्षात आहे, आपलं मूल पोचेल तेव्हा त्यातले किती उरलेले असतील, हे तर बघायचंच. खरी गंमत गळालेल्या नावांत असते. दोन वर्षांपूर्वी आलेल्या फ्रेशमनपैकी आज अर्ध्याही दिसत नसतील तर त्या कुठे गेल्या, हे विचारायला हवं. ‘आधीचं कॉलेज’ हा रकाना भरलेले खेळाडू किती, तेही मोजा. २०२४ पासून पास होत राहिलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच मैदानात उतरू शकतो. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीची स्पर्धा आता बावीस वर्षांच्या, तयार खेळाडूशी आहे. शिवाय २०२५-२६ पासून कॉलेज-खेळांबद्दलचा न्यायालयाने मंजूर केलेला समझोता ज्या कॉलेजांनी स्वीकारला, त्यांच्या सॉकर संघाला २८ जणांची मर्यादा आहे. ‘पोर होतकरू आहे, राहू दे बेंचवर’ म्हणायची सोय कमी झाली.

पैशांचं बोलणं आपल्या लोकांना अवघड जातं, पण इथे संकोच करू नका. ‘स्कॉलरशिप देतो’ हे वाक्य अर्धवट असतं. समझोत्याआधी डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या संघाला १४ आणि मुलांच्या संघाला ९.९ स्कॉलरशिपची कमाल मर्यादा होती, आणि तेवढ्यातच सगळ्या संघाची वाटणी. समझोता स्वीकारलेल्या कॉलेजांना ती मर्यादा उरली नाही, पण मर्यादा उठली म्हणून कोचच्या हातात पैसा आला असं नाही. तेव्हा टक्के किती ते विचारा, आणि कशाचे टक्के तेही: नुसत्या ट्युशनचे, की राहण्या-जेवणासकट सगळ्या खर्चाचे? करार एका वर्षाचा की चार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळासाठीची रक्कम किती आणि अभ्यासाच्या गुणांवर मिळणारी किती? लेकीने दुसऱ्या वर्षी संघ सोडला तेव्हा खेळाची स्कॉलरशिप गेली, अभ्यासाची राहिली. ती राहिली म्हणूनच तिला तिथे बायोलॉजी पुरं करता येतंय.

डिव्हिजन थ्रीचं नाव काढलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. तिथे खेळासाठी पैसे मिळत नाहीत हे खरं, पण आयव्ही लीगही डिव्हिजन वनमध्ये असून खेळासाठी छदाम देत नाही, तिथे कोणी नाक मुरडत नाही. गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत धरली तर डिव्हिजन थ्रीचं कॉलेज कधी कधी स्वस्त पडतं. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, एका संध्याकाळचं काम आहे. खेळाचा दर्जाही तपासून मगच बोला. पेनसिल्व्हेनियातल्या मेसाया या डिव्हिजन थ्री कॉलेजच्या मुलांनी २००० ते २०१७ या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

वेळेबद्दल एवढंच की हंगामात खेळासाठी आठवड्याला कमाल २० तासांचा नियम आहे, पण बसमधला प्रवास त्यात धरत नाहीत. मुलीला सायन्स घ्यायचं असेल तर दुपारच्या लॅबचं आणि सरावाचं वेळापत्रक आधी मागून घ्या.

बाकी माहिती गॅलरीत मिळते. मॅच बघायला जा आणि ज्यांची मुलं खेळत नाहीत अशा आईबापांजवळ बसा. ते ओळखू येतात, गोल झाला की टाळ्या वाजवतात पण उठत नाहीत. थर्मासमधली कॉफी पुढे करा. कोणाला दुखापत झाल्यावर कसं वागवलं, मागच्या उन्हाळ्यात कोणाची रक्कम कापली, कोच दुसरीकडे नोकरी शोधतोय का, सगळं मध्यंतरापर्यंत कळतं.

कोचला विचारायचे प्रश्न मात्र मुलीलाच विचारू द्या, ईमेलही तिनेच लिहू दे. आईबापांना कोच हसून उत्तरं देतात आणि मुलीच्या नावापुढे आईबाप कसे आहेत तेही टिपून ठेवतात.